केरो, इलिनॉय: संगमावरचं शहर रिकामं कसं झालं

अमेरिकेच्या इलिनॉय राज्याच्या दक्षिण टोकाला, जिथे ओहायो नदी मिसिसिपीला मिळते, तिथल्या चिंचोळ्या जमिनीवर केरो वसलंय. अलेक्झांडर काउंटीचं हे मुख्य ठिकाण. 1920 च्या जनगणनेत इथे 15,203 माणसं होती आणि 2020 च्या जनगणनेत 1,733. शंभर वर्षांत दर नऊ माणसांमागे आठ कमी झाली. घरं गेली, दवाखाना गेला, किराणा दुकान गेलं, मुख्य बाजाररस्त्यावरच्या विटांच्या इमारती एकेक करून पाडल्या गेल्या.

केरोबद्दल वाचायला गेलं की दोन उत्तरं हमखास मिळतात. पुराने गाव बुडवलं, हे एक. गोऱ्या-काळ्यांच्या भांडणात गाव संपलं, हे दुसरं. पहिलं चूक आहे. दुसरं अर्धं खरं आहे, पण त्यातला क्रम उलटा लावला जातो. लोकसंख्येचे आकडे, नदीची पातळी आणि पुलांच्या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की वेगळंच चित्र दिसतं. केरो जगत होतं ते प्रवास तिथे तुटत होता म्हणून. माल आणि माणसं तिथे उतरत आणि पुन्हा चढत. पुलांनी ते तुटणं संपवलं. त्यानंतर गावाला दुसरा धंदा शोधायचा होता, आणि नेमक्या त्याच वेळी गावातल्या सत्ताधारी गटाने गावाच्या मोठ्या हिश्श्याला बरोबर घ्यायला नकार दिला.

जागा

केरोचा अक्षांश जवळपास 37 अंश. शिकागो इथून साधारण 365 मैल उत्तरेला आहे आणि व्हर्जिनियातलं रिचमंडसुद्धा केरोच्या उत्तरेलाच पडतं. म्हणून नकाशावर 'उत्तरेत' असलेलं हे गाव हवामान, झाडं आणि समाजरचना या तिन्ही बाबतींत दक्षिणेचं वाटतं. अंगणात मॅग्नोलिया फुलतात, वायव्येच्या हॉर्सशू लेकमध्ये पाण्यात उभे सायप्रस वृक्ष आहेत.

संगमावर ओहायो ही उपनदी म्हणवली जाते, पण सरासरी पाणी तिचंच जास्त: ओहायो सुमारे 2.8 लाख क्युसेक, वरून येणारी मिसिसिपी सुमारे 2.1 लाख क्युसेक. आणखी महत्त्वाचं म्हणजे दोघींच्या पुराचा हंगाम वेगळा आहे. ओहायोला पूर येतो जानेवारी ते एप्रिलमध्ये, हिवाळी आणि वसंतातल्या पावसाने. वरच्या मिसिसिपीला येतो एप्रिल ते जूनमध्ये, बर्फ वितळून. दोन्ही हंगाम एकमेकांवर चढले की केरोला घोर लागतो, कारण एका नदीचं फुगलेलं पाणी दुसरीला पुढे सरकू देत नाही.

आता पातळीचा हिशेब नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. केरोची पूरमापक पट्टी ओहायोवर आहे. तिचा शून्य समुद्रसपाटीपासून सुमारे 270.5 फुटांवर धरलेला आहे. 40 फूट ही पूरपातळी. गावाची जमीन समुद्रसपाटीपासून साधारण 315 फूट, म्हणजे पट्टीवर 44-45 फूट. गावाभोवतीचा मातीचा बांध आणि ओहायोच्या बाजूची काँक्रीटची भिंत 64 फुटांच्या पातळीसाठी बांधलेली आहे. 2011 च्या मे महिन्यात पाणी 61.72 फुटांवर गेलं, तेव्हा भिंतीपलीकडची नदी गावातल्या रस्त्याच्या सुमारे 17 फूट वर होती. दुमजली घराच्या वरच्या खिडकीइतकं उंच पाणी भिंतीच्या पलीकडे, आणि अलीकडे रस्ता कोरडा.

उत्तरेकडून गावात येणारा महामार्ग क्रमांक 51 रेल्वेच्या बांधाखालून बोगद्यासारख्या वाटेने आत शिरतो. त्या तोंडावर सुमारे 60 फूट रुंद आणि 80 टन वजनाचा पोलादी दरवाजा वर टांगलेला आहे. नदी चढली की तो खाली सोडतात, आणि केरो चारही बाजूंनी बंद होतं.

माणसं कशी आली

जागा मोक्याची आहे हे सगळ्यांनाच दिसत होतं. 1702 मध्ये फ्रेंचांनी ओहायोच्या मुखाजवळ कातडी कमावण्याचा कारखाना थाटला, पण तो एक-दोन वर्षांतच रोगराईने मोडला. नोव्हेंबर 1803 मध्ये पश्चिमेच्या शोधमोहिमेवर निघालेले लुईस आणि क्लार्क संगमावर मुक्काम ठोकून अक्षांश-रेखांशाची मोजणी करत होते. 1818 मध्ये बाल्टिमोरचे व्यापारी जॉन कॉमेजिस यांनी शहर आणि बँक अशी जोडसनद मिळवली. ते लवकरच वारले आणि बेत कागदावरच राहिला. 1837 मध्ये डॅरियस होलब्रुक यांनी लंडनच्या भांडवलावर दुसरा प्रयत्न केला, बांध घातले, कारखाने उभारले. लंडनची पेढी बुडाली तसं तेही बुडालं.

या अपयशांमध्ये एक समान धागा आहे. सखल जमिनीवर शहर वसवायचं तर पहिला खर्च बांधाचा असतो, आणि तो एकाही घराचं भाडं यायच्या आधी करावा लागतो. खासगी कंपनीला तो झेपला नाही. झेपला तो रेल्वे आल्यावर. 1850 मध्ये काँग्रेसने जमिनी दिल्या, 1851 मध्ये इलिनॉय सेंट्रल रेल्वेला सनद मिळाली आणि 1856 पर्यंत शिकागोहून निघालेला रूळ केरोत पोचला. 1858 मध्ये शहराला रीतसर दर्जा मिळाला. त्याच वर्षी जूनमध्ये बांध फुटून ते पाण्याखालीही गेलं. तरी 1860 ला 2,188 वस्ती होती.

मग यादवी युद्ध आलं. सप्टेंबर 1861 मध्ये उत्तरेचे सेनानी युलिसिस ग्रँट यांनी केरोत मुख्यालय केलं. इथून केंटकीतलं पडूका, मग फेब्रुवारी 1862 मध्ये टेनेसीतले हेन्री आणि डोनल्सन हे किल्ले, अशी उत्तरेच्या सैन्याची पश्चिमेकडची चढाई सुरू झाली. शेजारच्या माउंड सिटीत लोखंडी कवचाच्या युद्धनौका बांधल्या जात होत्या. नदीतून दक्षिणेत उतरायचं दार केरोच्या हातात होतं.

युद्धाने आणखी एक गोष्ट केली, जिचा पुढच्या शंभर वर्षांशी थेट संबंध आहे. 1862 पासून गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांना नदीमार्गे केरोत आणलं जात होतं. त्यांच्या छावण्या इथे पडल्या. पुष्कळ लोक पुढे गेले, पण बरेच इथेच राहिले: गोदीवर हमाली, बोटींवर काम, लाकडाच्या गिरण्या. 1860 मध्ये कृष्णवर्णीय रहिवासी शंभराच्याही आत होते. 1900 मध्ये 12,566 च्या गावात ते सुमारे 5,000 होते. उत्तरेकडच्या राज्यातल्या एवढ्याशा गावात हे प्रमाण त्या काळी फार दुर्मीळ होतं.

भरभराट कशावर होती

1870 ते 1890 हा केरोचा सुवर्णकाळ. कस्टम हाउसची दगडी इमारत 1872 ची, सॅफर्ड स्मारक ग्रंथालय 1884 चं, पीठगिरणीवाल्या चार्ल्स गॅलिगर यांचा मॅग्नोलिया मॅनर हा वाडाही याच काळातला. तिन्ही आजही उभ्या आहेत.

पैसा येत होता तो खंडामुळे, म्हणजे प्रवास तिथे तुटत होता म्हणून. शिकागोहून आलेली रेल्वे ओहायोच्या काठावर थांबायची. पलीकडे केंटकीत जायचं तर डबे फेरीबोटीवर चढवावे लागत. एक डबा पलीकडे न्यायचा म्हणजे बोट काठाला बांधायची, उताराचा रूळ पातळीप्रमाणे जुळवायचा, डबे ढकलायचे, पलीकडे पुन्हा तेच. नदीची पातळी वर्षभरात चाळीस-पन्नास फूट वर-खाली होते, त्यामुळे हे जुळवणं रोजचंच काम. प्रवासी तोवर हॉटेलात, माल गोदामात, हमाल कामावर. नदीने आलेलं लाकूड, कापूस, धान्य इथे रेल्वेवर चढत होतं. सिंगर कंपनीच्या शिलाई मशिनच्या लाकडी भागांचा कारखानाही इथे होता, कारण ओंडके पाण्याने फुकटात दाराशी येत.

1889 मध्ये इलिनॉय सेंट्रलने ओहायोवर पूल बांधला. अभियांत्रिकीच्या दृष्टीने तो अचाट होता, गावानेही अभिमान मिरवला. पण त्या दिवसापासून गाडीला केरोत थांबायचं कारण उरलं नाही. 1905 मध्ये वरच्या अंगाला थीब्सजवळ मिसिसिपीवर दुसरा रेल्वेपूल झाला आणि पश्चिमेकडची वाहतूक केरोला वळसा घालून जाऊ लागली. रस्त्यांचं तसंच: मिसिसिपीवरचा रस्तापूल 1929, ओहायोवरचा 1938. फेरीबोटी बंद झाल्या. शेवटी 1978 मध्ये आंतरराज्य महामार्ग 57 चा पूल गावाच्या वायव्येला मिसिसिपीवर झाला. त्यानंतर शिकागो ते मेम्फिस जाणाऱ्या मोटारीला केरोच्या रस्त्यावर चाकही टेकवावं लागत नाही.

परिणाम लगेच दिसला नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवं. 1889 नंतरही वस्ती तीस वर्षं वाढत होती. लाकूड, कापूससरकीचं तेल, रेल्वेची यार्डं यांनी गाव तगून राहिलं. पण त्या वाढीचा पाया आधीच निघाला होता.

आकडे काय सांगतात

जनगणनेचे आकडे ओळीने मांडतो: 1870 – 6,267, 1880 – 9,011, 1890 – 10,324, 1900 – 12,566, 1910 – 14,548, 1920 – 15,203, 1930 – 13,532, 1940 – 14,407, 1950 – 12,123, 1960 – 9,348, 1970 – 6,277, 1980 – 5,931, 1990 – 4,846, 2000 – 3,632, 2010 – 2,831, 2020 – 1,733.

यातून तीन गोष्टी निघतात.

एक, 1960 पर्यंत, म्हणजे नागरी हक्कांचा लढा केरोत तापायच्या आधीच, शिखरावरून 38 टक्क्यांहून अधिक वस्ती गेली होती. वांशिक संघर्षाने गाव संपवलं म्हणणाऱ्यांनी या पाच हजार आठशे माणसांचा हिशेब द्यायला हवा.

दोन, 1960 च्या दशकात 33 टक्के लोक गेले, पण त्यापुढच्या दशकात फक्त साडेपाच टक्के, म्हणजे 346 माणसं. गोळीबार, बहिष्कार आणि बंद दुकानांच्या वर्षांनंतर गाव जवळजवळ थांबलं होतं. खरी घसरण 1980 नंतर पुन्हा सुरू होते आणि 2010 पर्यंत दर दशकात 18 ते 25 टक्क्यांच्या पट्ट्यात राहते. नव्या महामार्ग-पुलाची तारीख 1978 आहे. दवाखानाही 1980 च्या दशकातच बंद पडला.

तीन, सगळ्यात मोठी टक्केवारीची घसरण ना पुरातली ना दंगलीतली. ती 2010 ते 2020 मधली आहे: 38.8 टक्के. तिचं एक मोठं कारण एका सरकारी निर्णयात आहे. त्याकडे पुढे येऊ.

बांध टिकला

पुराने गाव बुडवलं हे उत्तर चूक का, ते आता पाहू. 1858 नंतर केरोच्या बांधाने मोठे पूर पेलले. 1927 च्या महापुराने मिसिसिपीचं खालचं खोरं उद्ध्वस्त केलं, केरो वाचलं. त्यानंतर 1928 चा पूरनियंत्रण कायदा आला आणि त्याखाली केरोच्या समोर, मिझुरीच्या बाजूला बर्ड्स पॉइंट–न्यू मॅड्रिड हा पूरमार्ग आखला गेला. कल्पना सोपी आहे. नदीकाठचा पुढचा बांध आणि त्याच्या मागे काही मैलांवर दुसरा बांध, यांच्या मधली सुमारे 1.3 लाख एकर शेतजमीन हा राखीव सांडवा. नदी ठरावीक पातळीवर गेली की पुढचा बांध मुद्दाम फोडायचा आणि 5.5 लाख क्युसेकपर्यंत पाणी शेतात वळवायचं. त्या जमिनीवर पाणी सोडण्याचा हक्क केंद्र सरकारने शेतकऱ्यांना मोबदला देऊन विकत घेतला. जमीन मात्र शेतकऱ्याचीच राहिली आणि पीक निघत राहिलं.

जानेवारी 1937 मध्ये पूरमार्ग पहिल्यांदा वापरला गेला. ओहायो खोऱ्यातली शहरं बुडाली, केरोत पाणी 59.5 फुटांवर जाऊन थांबलं आणि गाव कोरडं राहिलं. दुसरी वेळ यायला 74 वर्षं लागली.

एप्रिल 2011 च्या अखेरीस ओहायो खोऱ्यात धो धो पाऊस झाला आणि त्याच वेळी वरच्या मिसिसिपीत बर्फाचं पाणी उतरत होतं. केरोपुढचा धोका भिंतीवरून पाणी येण्याचा कमी आणि खालून येण्याचा जास्त होता. गावाखाली नदीने आणून टाकलेली वाळू आहे, वर चिकणमातीचा पातळ थर. बाहेर पाणी चढलं की दाब वाळूतून आत येतो आणि जिथे वरचा थर कच्चा तिथे पाणी उसळून निघतं. याला तिथले अभियंते वाळूचा उमाळा म्हणतात. नुसतं स्वच्छ पाणी झिरपत असेल तर काळजी नाही, ते पंपाने नदीत परत फेकतात. पाण्याबरोबर वाळू येऊ लागली की मात्र बांधाखाली नळी कोरली जातेय असं समजायचं. ती नळी नदीपर्यंत पोचली की बांध खचतो.

उपाय अगदी साधा आहे, पण तो नेमका करावा लागतो. उमाळ्याभोवती वाळूच्या पोत्यांचं गोल कडं रचतात. आत पाणी साठून त्याची उंची वाढते, उलटा दाब पडतो आणि प्रवाह मंदावतो. कडं तेवढंच उंच करायचं की पाणी चालू राहील, पण वाळू येणं थांबेल. घाईने उमाळा पूर्ण दाबून टाकला तर पाणी दहा-वीस फुटांवर दुसरीकडून फुटतं, आणि ते बांधाच्या आणखी जवळ असू शकतं. एका बाजूला वाट ठेवून साचलेलं स्वच्छ पाणी बाहेर काढून देतात. रात्रंदिवस माणसं बांधाच्या आतल्या बाजूने फिरून नवे उमाळे शोधत असतात, कारण ते आधी कुठे निघतील हे सांगता येत नाही. 2011 मध्ये केरोत असा एक प्रचंड उमाळा निघाला आणि लष्कराच्या अभियंत्यांचा धीर सुटण्याची वेळ आली.

1 मे रोजी महापौर जडसन चाइल्ड्स यांनी गाव सक्तीने रिकामं करायला लावलं. पूरमार्ग वापरू नये म्हणून मिझुरी राज्य थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि त्याला स्थगिती मिळाली नाही. 2 मे रोजी रात्री दहाच्या सुमारास लष्कराच्या अभियंता दलाचे मेजर जनरल मायकेल वॉल्श यांच्या आदेशावरून बर्ड्स पॉइंटचा बांध उडवला गेला. बांधात आधीच पुरलेल्या नळ्यांमध्ये द्रवरूप स्फोटक पंपाने भरलं होतं, त्यात बराच वेळ गेला, मधे विजा चमकत होत्या म्हणून काम थांबवावंही लागलं. दुसऱ्या दिवसापर्यंत केरोची पातळी एक-दीड फूट उतरली.

मिझुरीकडे शंभरेक घरं आणि ती 1.3 लाख एकर शेती पाण्याखाली गेली. त्यात पिनहुक नावाचं कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचं छोटं खेडंही कायमचं गेलं. दुसरीकडच्या जमिनी त्यांना कुणी विकल्या नव्हत्या, म्हणून त्यांच्या आधीच्या पिढीने पूरमार्गातली जमीन घेतली होती. केरो वाचवायला पिनहुक बुडालं, ही या प्रकरणातली सगळ्यात जड बाब आहे आणि ती तळटिपेत टाकून चालणार नाही.

केरो पुन्हा कोरडं राहिलं. नंतर बांधाखालून येणारा पाझर अडवायला भूमिगत मातीची भिंतही घातली गेली. म्हणजे अभियांत्रिकी दोनदा जिंकली, आणि दोन्ही वेळा वाचलेलं गाव आधीपेक्षा लहान होत राहिलं.

नकार

केरोत काळे-गोरे शेजारी राहत, पण सत्ता एकाच बाजूला होती. 11 नोव्हेंबर 1909 रोजी विल्यम जेम्स या कृष्णवर्णीय माणसाला खुनाच्या आरोपावरून हजारोंच्या जमावाने चौकात ठार केलं. त्याच रात्री हेन्री साल्झनर या गोऱ्या कैद्यालाही जमावाने मारलं. गव्हर्नर चार्ल्स डेनीन यांनी सैन्य पाठवलं आणि शेरीफ फ्रँक डेव्हिस यांना पदावरून काढलं. डेव्हिस यांनी पद परत मागितलं, तेव्हा पत्रकार आयडा बी. वेल्स केरोला जाऊन माहिती गोळा करून आल्या आणि गव्हर्नरांपुढे उभ्या राहिल्या. डेव्हिस यांना पद परत मिळालं नाही.

1913 मध्ये शहराने आयोग पद्धत स्वीकारली: प्रभाग नाहीत, सगळे सदस्य सगळ्या शहरातून निवडायचे. कृष्णवर्णीय अल्पसंख्य होते, त्यामुळे त्यांचा एकही सदस्य निवडून येईना. 1980 मध्ये न्यायालयीन तडजोडीने प्रभाग आले तोवर 67 वर्षं ही रचना टिकली. कारखाने जात होते, दुकानं ओस पडत होती त्या काळात गावाच्या एक तृतीयांशहून अधिक लोकांचा निर्णयात आवाजच नव्हता.

1962 मध्ये तरुणांनी पोहण्याच्या तलावासमोर निदर्शनं केली, त्यांत नागरी हक्क चळवळीतले नेते जॉन लुईस होते. तलाव सर्वांना खुला करण्याऐवजी बंद झाला आणि पुढे काँक्रीटने भरून टाकला. जुलै 1967 मध्ये रॉबर्ट हंट हा 19 वर्षांचा कृष्णवर्णीय सैनिक पोलीस ठाण्यात फासावर लटकलेला आढळला. पोलिसांनी आत्महत्या म्हटलं, लोकांनी मानलं नाही. जाळपोळ झाली, नॅशनल गार्ड म्हणजे राज्याचं राखीव सैन्य आलं. गोऱ्यांनी 'व्हाइट हॅट्स' हे सशस्त्र दल उभारलं, ते 1969 मध्ये राज्याच्या दबावाने मोडलं. त्याच वर्षी चार्ल्स कोएन यांच्या नेतृत्वाखाली युनायटेड फ्रंट स्थापन झालं आणि काळ्या विक्रेत्यांना नोकरी न देणाऱ्या दुकानांवर बहिष्कार सुरू झाला. अनेक दुकानदारांनी एक माणूस कामावर ठेवण्यापेक्षा दुकान बंद करणं पसंत केलं. 1972 मध्ये केंद्राच्या नागरी हक्क आयोगाने इथे सुनावण्या घेतल्या.

म्हणून वांशिक संघर्षाचं स्थान आमच्या मते असं आहे: गाव आधीच कामाविना होत चाललं होतं. नव्या उद्योगाने तिथे येण्यासाठी शांत बाजार, शाळा आणि दोन्ही समाजांतले कामगार लागले असते. नकाराने ती शक्यता संपवली.

एका दशकातली 1,098 माणसं

आता 2010 च्या दशकाकडे. 1940 च्या दशकात केरोत दोन सरकारी वसाहती बांधल्या गेल्या: गोऱ्यांसाठी एल्मवूड आणि काळ्यांसाठी पिरॅमिड कोर्ट्स, जिला पुढे मॅकब्राइड नाव मिळालं. पुढे दोन्हीकडे मुख्यतः कृष्णवर्णीय कुटुंबं राहू लागली. काउंटीच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने दुरुस्ती केली नाही. उंदीर, बुरशी, बंद हीटर, जुनी वायरिंग. फेब्रुवारी 2016 मध्ये केंद्रीय गृहनिर्माण खात्याने कारभार हातात घेतला आणि एप्रिल 2017 मध्ये दोन्ही वसाहती पाडायचं जाहीर केलं. सुमारे 400 लोक, त्यांत निम्मी मुलं.

रहिवाशांना भाड्यासाठी व्हाउचर मिळाली. अडचण अशी की व्हाउचर चालायला भाड्याचं धडधाकट घर लागतं, आणि केरोत ते नव्हतं. खासगी घरं एक तर मोडकळीला आलेली, नाही तर विकलेली. त्यामुळे व्हाउचर खर्च करायला मिझुरीतलं केप जिरार्डो किंवा पडूका गाठावं लागलं, तीस-पस्तीस मैलांवर, दुसऱ्या राज्यात. गाव न सोडता घर बदलण्याची वाटच ठेवलेली नव्हती. पर्यायी घरं आधी आणि पाडणं नंतर हा क्रम ठेवला असता तर यातले बरेच लोक गावातच मोजले गेले असते.

काउंटीचा आकडा आणखी दणका देतो: 8,238 वरून 5,240, म्हणजे 36.4 टक्के घट, त्या दशकात देशातल्या कुठल्याही काउंटीत टक्केवारीने सर्वांत मोठी. तो वाचताना दोन गोष्टी वेगळ्या काढाव्यात. एक, काउंटीतल्या टॅम्सचा कडेकोट तुरुंग जानेवारी 2013 मध्ये बंद झाला. अमेरिकी जनगणना कैद्यांना तुरुंगाच्या गावात मोजते, त्यामुळे ते कैदी आणि नोकरदार दोन्ही आकड्यातून गेले. दोन, वायव्येला ऑलिव्ह ब्रँचकडचा लेन स्मॉल बांध 2011 प्रमाणेच जानेवारी 2016 मध्येही फुटला आणि तिथली बरीच घरं सरकारने विकत घेऊन रिकामी केली. केरोच्या 1,098 मध्ये मात्र यांचा वाटा नगण्य, तिथे वसाहतींचा मोठा.

छोट्या गावांचे आकडे अभ्यासणाऱ्याने ही सवय लावून घ्यावी: एवढ्या लहान संख्येत एखादी इमारत, एखादा तुरुंग किंवा एखादा बांध सगळा कल बदलतो. 'लोक गेले' म्हणण्याआधी कोणतं छप्पर गेलं ते पाहावं.

नदीवर आता काय चालतं

केरोची जागा आजही तितकीच मोक्याची आहे, उलट थोडी जास्तच. ओहायोवरचं शेवटचं लॉक, म्हणजे बोटींना एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारी दरवाजेबंद खोली, ऑल्मस्टेडला, केरोच्या थोडं वर, 2018 मध्ये सुरू झालं. मिसिसिपीवरचं शेवटचं सेंट लुइसजवळ. त्यांच्या खाली मेक्सिकोच्या आखातापर्यंत एकही लॉक नाही. लॉकमध्ये मावण्यासाठी वरच्या भागात बार्जचा, म्हणजे सपाट मालवाहू तराफ्यांचा, ताफा तीन रुंद आणि पाच लांब, म्हणजे 15 चा असतो. खाली तेच ताफे 30-40 बार्जपर्यंत बांधता येतात. एका बार्जमध्ये साधारण 1,500 टन माल. ही तोडणी-जोडणी संगमाच्या आसपासच होते. पण त्यासाठी माल उतरवावा लागत नाही. ढकलबोट, पोलादी दोर आणि मोजके खलाशी पुरतात. लाखो टन धान्य केरोच्या भिंतीसमोरून जातं आणि त्यातला एक दाणाही गावात उतरत नाही.

हा माल इथे उतरावा म्हणून अलेक्झांडर-केरो बंदर जिल्हा 2010 मध्ये स्थापन झाला आणि 2020 मध्ये राज्याने बंदरासाठी 4 कोटी डॉलर देऊ केले. बंदर जर कंटेनर आणि मालाची अदलाबदल करणारं झालं तर 1889 मध्ये गेलेलं काम, म्हणजे खंडाचं काम, वेगळ्या रूपात परत येईल. त्यासाठी नुसता धक्का पुरणार नाही. रेल्वेचा रूळ धक्क्यापर्यंत, महामार्ग 57 ला जोडरस्ता, 40-50 फूट पातळीफरक झेलणारी गोदी आणि कामगारांना राहायला घरं लागतील. बंदर झालं आणि घरं नसली तर कामगार रोज पडूका किंवा केप जिरार्डोहून येतील आणि संध्याकाळी परत जातील.

दरम्यान गावाचं रोजचं जगणं. 2015 मध्ये शेवटचं किराणा दुकान बंद पडलं, ते आठ वर्षांनी, 2023 मध्ये, राइझ कम्युनिटी मार्केट या सहकारी दुकानाच्या रूपाने परत आलं. पंधरा हजारांसाठी आखलेले रस्ते, नळ, गटारं, पंपघरं आणि बांध आता सतराशे लोकांच्या करातून सांभाळायचे आहेत. नदी चढली की गटारांची नदीकडची झडपं बंद करावी लागतात, नाहीतर नदी गटारातून आत येते. मग आतला पाऊस आणि पाझर दोन्ही पंपानेच बाहेर काढायचे. गावात राहणारे लोक निम्मे झाले म्हणून पंपाचं वीजबिल निम्मं होत नाही, आणि बांधाची लांबीही कमी होत नाही.